नवा बेस माल्ट तपासताना: पोतं आल्यापासून तिसऱ्या पेल्यापर्यंत

घरी बिअर करणाऱ्या आमच्या छोट्या गटाकडे एका माल्ट कारखान्याने त्यांचा नवा माल्ट तपासून द्याल का अशी विचारणा केली तेव्हा ऑक्टोबर सुरू होता. शेवटचा तक्ता भरून पाठवला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. मधल्या काळात काय करायचं आणि कुठल्या क्रमाने, हे सलग लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही; सुटे तुकडे भरपूर मिळाले. ज्यांच्या हातात पहिल्यांदाच अनोळखी बेस माल्टचं पोतं पडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. (घरी बिअर करण्याचे कायदे सगळीकडे सारखे नसतात. आपल्याकडचे आधी बघून घ्या.)

माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेलं धान्य, बहुतेक वेळा बार्ली. बेस माल्ट म्हणजे रेसिपीतलं मुख्य धान्य. एकूण धान्यात त्याचा वाटा बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असतो. रंगासाठी किंवा खरपूस चवीसाठी घालायचे माल्ट मूठ-दोन मूठ कमीजास्त झाले तरी बिअर सावरते. बेस माल्टचं तसं नाही. स्टार्च त्याच्यातून येतो, त्या स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्सही त्याच्यातूनच येतात, आणि गाळताना चाळणीचं काम करणारी टरफलंही त्याचीच.

आमच्याकडे आला तो माल्ट बार्लीच्या नव्या वाणाचा होता. नवं वाण शेतात यायला दहाएक वर्षं सहज जातात, आणि ते निवडताना पहिला विचार शेतकऱ्याचा असतो: एकरी उतारा किती, रोगाला किती टिकतं, पीक आडवं पडतं का. चवीचा नंबर बराच नंतर लागतो. त्याला अपवादही आहेत. मॅरिस ऑटर हे ब्रिटिश वाण १९६०च्या दशकातलं. शेतातला त्याचा उतारा नव्या वाणांपेक्षा कमी, तरी बिअर करणाऱ्यांनी सोडलं नाही म्हणून ते अजून पेरलं जातं. नवं वाण घरगुती भांड्यांत कसं वागतं हे कारखान्याला आमच्याकडून हवं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेत सगळं बारीक दळून, ढवळत, ठरलेल्या तापमानांवर होतं. आमच्याकडे दोन रोलरची गिरणी, तळाशी जाळी असलेला झाकणाचा डबा आणि एक मोठं पातेलं.

अटी दोन पानांत होत्या. रेसिपी सगळ्यांची एकच. नव्या माल्टच्या प्रत्येक बॅचसोबत आपल्या नेहमीच्या माल्टची एक बॅच. गिरणीतलं अंतर, तापमानं, वेळा, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, तिच्यावरून विरघळलेल्या साखरेचा अंदाज येतो) हे सगळं त्यांच्या तक्त्यात. आणि सगळ्यांचे तक्ते जमा होईपर्यंत एकमेकांना निकाल सांगायचे नाहीत. शेवटची अट आम्हाला सगळ्यात जड गेली.

पोतं लगेच आलं नाही. भट्टीतून निघालेला माल्ट साधारण तीन-चार आठवडे मुरू देतात, ताजा वापरला तर गाळायला त्रास देतो असा जुना अनुभव आहे. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला. पोत्यावर लॉट नंबर आणि भट्टीची तारीख होती, सोबत त्याच लॉटचं विश्लेषणपत्र. ते सोबत नसेल तर पोतं उघडण्याआधी मागून घ्या, आणि पत्रावरचा लॉट नंबर पोत्याशी जुळवून बघा. वाणाचं 'साधारण' पत्रक वेगळं आणि तुमच्या पोत्याचं पत्र वेगळं.

हे पत्र पहिल्यांदा वाचताना मी गोंधळून गेलो होतो. आता वाटतं, घरच्या कामापुरत्या सात-आठ ओळी पुरतात. पहिली ओळ उताऱ्याची, म्हणजे एक्स्ट्रॅक्टची: माल्टच्या वजनातला किती भाग पाण्यात उतरू शकतो. नव्या माल्टचा ८०.२ टक्के, माझ्या नेहमीच्या माल्टचा ८१.४. हे आकडे कोरड्या वजनावरचे असतात, म्हणून ओलावा वजा करावा लागतो. नव्यात ओलावा ५.२ टक्के, जुन्यात ४. तो धरला की हातात येणारा उतारा ७६ आणि ७८ टक्क्यांच्या आसपास. साडेचार किलो धान्य आणि पंचवीस लिटर वर्ट (माल्टमधून गाळून काढलेलं गोड पाणी) धरून हिशेब केला तर ग्रॅव्हिटी मोजायच्या हायड्रोमीटरवर जेमतेम एका रेघेचा, म्हणजे ०.००१चा फरक. मी निश्चिंत झालो.

मग डायास्टॅटिक पॉवर, म्हणजे स्टार्च फोडायची ताकद: ११५ लिंटनर. स्वतःपुरतं काम करायला ३५च्या आसपासही चालून जातं, त्यामुळे इथे काळजी नव्हती. बारीक वाचायला हव्यात त्या पुढच्या ओळी. फ्रायबिलिटी, म्हणजे दाणा किती सहज भुगा होतो, ती ७८ टक्के; माझ्या माल्टची ८८. बीटा-ग्लुकन १६५ मिलिग्रॅम प्रति लिटर, माझ्याकडे ८५. हा दाण्याच्या पेशीभित्तिकांमधला चिकट पदार्थ, मोड येताना बराचसा मोडतो. तो उरला आणि दाणा कडक राहिला, तर मोड येण्याचं काम थोडं लवकर थांबवलं गेलंय असं समजायचं. शेवटी दाण्याचा आकार: २.५ मिलिमीटरच्या चाळणीवर उरलेले दाणे ८४ टक्के, माझ्या माल्टचे ९५. ही ओळ मी वाचली आणि तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली.

पोतं उघडल्यावर आधी दात. दाणा चावायचा. चांगला उकललेला माल्ट कुरकुरीत फुटतो आणि पिठूळ लागतो. टोकाशी कडक खडा लागला तर तेवढा भाग न उकललेला. नव्या माल्टमध्ये असे दाणे अधूनमधून सापडत होते. काही दाणे ब्लेडने उभे कापले, तर टरफलाखालचा कोंब बहुतेकांत दाण्याच्या तीन चतुर्थांशापर्यंत पोचलेला, काहींत जरा मागे.

त्यानंतर हॉट स्टीप. अमेरिकन सोसायटी ऑफ ब्रूइंग केमिस्ट्स या संस्थेच्या चाचण्यांमध्ये ही पद्धत २०१७मध्ये आली. बिअर न करता माल्टची चव कळण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. पन्नास ग्रॅम माल्ट कॉफीच्या ग्राइंडरमध्ये पिठासारखा दळायचा, ६५ अंशांच्या ४०० मिलिलिटर पाण्यात थर्मासमध्ये घालून हलवायचा, पंधरा मिनिटं ठेवायचा, आणि आधी ओल्या केलेल्या फिल्टर पेपरातून गाळायचा. निवला की चाखायचा, पण चार तासांच्या आत. दोन्ही माल्टचे पेले शेजारी ठेवले. माझ्या नेहमीच्या माल्टला ब्रेडच्या कडेची चव. नव्याला सुक्या गवताचा वास आणि मागून थोडा मध. घरातल्या प्रत्येकाला फरक कळला. या टप्प्यावर मी भलताच उत्साहात होतो.

रेसिपी मुद्दाम बेचव वाटावी इतकी साधी होती. साडेचार किलो बेस माल्ट, दुसरं धान्य शून्य. साठ मिनिटं उकळायला १७ ग्रॅम मॅग्नम हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), कडवटपणा साधारण २५ आयबीयू. नंतर सुवासासाठी काही नाही. यीस्ट स्वच्छ चवीचं, अमेरिकन एल जातीचं, सुकं; दोन्ही पाकिटं एकाच लॉटची. पाणी आरओचं, दोन्हीकडे कॅल्शियम क्लोराइड आणि जिप्सम मोजून सारखं. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीचा, पीएच दोन्हीकडे ५.४वर आणायचा होता. त्यासाठी आदल्या दिवशी थोड्या धान्याचा छोटा मॅश करून लॅक्टिक अॅसिड किती लागतं ते काढून ठेवलं, हे फार बरं केलं. मोठ्या डब्यात थेंब मोजत बसलो असतो तर तापमान घसरलं असतं.

आता गिरणी. इथे आमच्या गटात बराच वाद झाला. अटींमध्ये लिहिलं होतं की रोलरमधलं अंतर दोन्ही माल्टना सारखं ठेवा. माझं नेहमीचं १.१ मिलिमीटर. पण दाणेच बारीक असतील, तर त्या अंतरातून बरेचसे न फुटता निसटणार. मग आपण माल्ट तपासतोय की गिरणी? उलट प्रत्येक माल्टला सोयीचं अंतर ठेवलं, तर दोन गोष्टी एकदम बदलल्या, फरक कशाचा ते कसं कळणार? मी कारखान्याला ईमेल केला. आठवडाभराने उत्तर आलं: पहिली बॅच सारख्या अंतरावर करा, न फुटलेल्या दाण्यांचं प्रमाण लिहा, मग हवं तर अंतर बदलून पुन्हा करा, आणि तुलनेची बॅचही पुन्हा. मला हे उत्तर पटलं, पण त्याचा अर्थ सगळं दुप्पट. नमुन्याचा माल्ट फुकट आला होता. खरा खर्च तुलनेच्या बॅचचा असतो: आपला माल्ट, आपले हॉप्स, आपला गॅस, बाटल्या, आणि शनिवार-रविवार. असं काम अंगावर घेण्याआधी आपल्याकडचे फर्मेंटर, म्हणजे आंबवायची भांडी, मोजा.

पहिल्या वेळी १.१वर भरडल्यावर दोन्ही भरडींतून शंभर-शंभर ग्रॅम काढून ताटात पसरले. नव्या माल्टमध्ये अख्खे दाणे उघड दिसत होते. साडेतेरा लिटर पाणी ७२ अंशांना घेतलं, धान्य मिसळल्यावर मॅश ६६वर बसला. साठ मिनिटांनी आयोडीनची चाचणी: पांढऱ्या बशीत एक थेंब वर्ट, एक थेंब आयोडीन. निळा-काळा झाला तर स्टार्च बाकी आहे. थेंब फक्त स्वच्छ वर्टचा घ्या, टरफलाचा कण आला तर तो काळा पडणारच आणि उगाच घाबरायला होतं. तपासलेलं परत डब्यात ओतू नका. दोन्ही बॅच साफ निघाल्या.

तरी उकळण्याआधीची ग्रॅव्हिटी जुन्या माल्टची १.०३९, नव्याची १.०३५. हिशेबाने एका रेघेचा फरक अपेक्षित होता, पडला चार रेघांचा. चोथा उकरून पाहिला तर त्यात फुगलेले, अख्खे, दाबल्यावर आतून पांढरा गर निघणारे दाणे. साखर तिथेच अडकून राहिली होती.

दोन आठवड्यांनी पुन्हा. या वेळी नव्या माल्टसाठी अंतर ०.९. एवढ्या कमी अंतरात टरफलं फाटतात आणि गाळण तुंबतं, म्हणून भरडण्याआधी धान्यावर वजनाच्या २ टक्के पाणी शिंपडलं, म्हणजे साडेचार किलोला ९० मिलिलिटर. हाताने नीट कालवून दहा मिनिटं ठेवलं. टरफल चिवट होतं आणि फाटण्याऐवजी दाण्यावरून सोलून निघतं. आतला गर कोरडाच राहतो. पाणी फवाऱ्याने मारा, ओतू नका, नाहीतर रोलरवर लगदा बसतो. मॅशच्या सुरुवातीला ४५ अंशांवर पंधरा मिनिटं थांबून बीटा-ग्लुकन मोडायचा मोह फार झाला. गटातल्या एकाने तसं केलंही. मी टाळलं, कारण मग जुन्या माल्टलाही ते करावं लागलं असतं, आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीत हा माल्ट कसा वागतो, या मूळ प्रश्नापासून मी लांब गेलो असतो.

ग्रॅव्हिटी आली १.०३८, शेजारच्या तुलनेच्या बॅचची पुन्हा १.०३९. विश्लेषणपत्रावरून काढलेला हिशेब तंतोतंत जुळला. तेव्हा झालेला आनंद मी कुणाला समजावून सांगू शकलो नाही.

गाळणं मात्र रडतखडत झालं. जुन्या माल्टचं वर्ट पाऊण तासात उतरतं. नव्याने त्याच्या दुप्पट वेळ घेतला, आणि मध्ये धार करंगळीहून बारीक झाली. अशा वेळी नळ पूर्ण उघडू नका. धान्याचा थर जाळीवर आणखी घट्ट बसतो आणि उरलीसुरली धारही थांबते. नळ अर्धा ठेवायचा, वरून घालायचं पाणी ७५-७६ अंशांचं ठेवायचं, आणि अगदीच थांबलं तर वरच्या थरात उलथन्याने उभ्या रेघा मारायच्या, तळापर्यंत न जाता. ७६ अंशांहून गरम पाण्याने टरफलातला तुरटपणा उतरायचा धोका असतो. १६५ हा आकडा मला त्या दुपारी खऱ्या अर्थाने समजला.

उकळणं साठ मिनिटं, झाकण न ठेवता, खळखळून. पत्रात डीएमएसच्या (डायमिथाइल सल्फाइड) पूर्वघटकाचा आकडा नव्हता, आणि उकडलेल्या मक्यासारखा तो वास वाफेबरोबरच जायला हवा. नव्या वर्टला सुरुवातीचा फेस जास्त आला, उतू जाता जाता वाचलं. उकळून झाल्यावर, म्हणजे आंबायला ठेवण्याआधी, ग्रॅव्हिटी नव्याची १.०४५, जुन्याची १.०४६.

आंबण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दोन्ही फर्मेंटर एकाच कपाटात, १८-१९ अंश. तीन दिवस जोर, मग शांत. दोन आठवड्यांनी नव्याची ग्रॅव्हिटी १.०१० आणि जुन्याची १.००९, म्हणजे अल्कोहोल साधारण ४.६ आणि ४.९ टक्के. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापनं तीच आली, तेव्हाच बाटल्या भरल्या. यात घाई केली तर बाटली फुटू शकते, म्हणून तारीख पुढे गेली तरी जाऊ द्यावी. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून साखर लिटरला ६ ग्रॅम. मग आणखी तीन आठवडे नुसतं थांबणं. याच काळात गटातल्या प्रत्येकाने कधी ना कधी "थोडंसं सांगू का?" असा मेसेज टाकला आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

चाखण्याची पद्धत त्रिकोण चाचणीची. प्रत्येकापुढे तीन पेले. दोनात एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा, बस. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येणारच, म्हणून किती जणांनी ओळखलं तर फरक खरा मानायचा याचे ठरलेले आकडे असतात: १२ जणांत ८, १५ जणांत ९, २४ जणांत १३. पेल्यांवर तीन अंकी कोड, क्रम सहाही प्रकारांनी फिरता ठेवायचा, दोन्ही बिअर सारख्याच गार. नव्या माल्टचा रंग किंचित गडद होता म्हणून पेले अपारदर्शक घेतले. ही गोष्ट विसरू नका. डोळ्यांनी ओळखलेला फरक जिभेच्या खात्यावर जमा होतो.

कोड लिहायचं आणि ओतायचं काम धाकट्या बहिणीने घेतलं. तिने मला खोलीतच ठेवलं नाही. "दादा, तू बाहेर थांब. तुझं तोंड बघूनच सगळे ओळखतील." बरोबरच होतं तिचं.

पंधरा जण आले. आठ जणांनी ओळखलं. नऊ लागले असते. कोड उघडल्यावर मी तक्ता दोनदा पडताळला आणि मग काही वेळ चिडून बसलो. हॉट स्टीपमध्ये इतका ठळक वाटलेला फरक उकळणं, हॉप्स आणि यीस्ट यांतून जाऊन एवढासा उरला होता. एका मित्राने लगेच निकाल लावला, "म्हणजे दोन्ही सारखेच." तसं होत नाही. फरक आहे असं पंधरा जणांच्या जोरावर म्हणता येत नाही, इतकंच. ज्या आठ जणांनी ओळखलं त्यांना आवड विचारली: पाच नव्याच्या बाजूने, तीन जुन्याच्या. ज्यांनी चुकीचा पेला निवडला त्यांची आवड विचारातच घ्यायची नाही. माझ्या मते तर आठ जणांची आवडही तक्त्यात टाकण्यात अर्थ नव्हता, पण रकाना होता, भरला. 'एकंदर बिअर आवडली का?' हा रकाना तर मला पूर्ण निरुपयोगी वाटला आणि शेऱ्यात तसं नम्रपणे लिहिलंही.

सगळे तक्ते आल्यावर एका संध्याकाळी कॉलवर उघडले. चवीबद्दल जितकी माणसं तितकी मतं. पण दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक पानावर होत्या: ओळखीच्या अंतरावर भरडलं की उतारा पडतो, आणि गाळायला वेळ लागतो. ४५ अंशांवर थांबलेल्या मित्राचं गाळण सुरळीत झालं होतं, त्याच्या बिअरचा फेस मात्र लवकर बसत होता. तो थांबण्यामुळेच, की आणखी कशामुळे, हे एका बॅचवरून कुणी सांगू शकलं नाही.

शेवटचा प्रश्न होता, हा माल्ट तुम्ही मुख्य माल्ट म्हणून वापराल का? मी लिहिलं: अंतर ०.९ ठेवायची तयारी असेल तर हो. पण पुढच्या लॉटमध्ये बीटा-ग्लुकन १२०च्या खाली आणि फ्रायबिलिटी ८५च्या वर आली तर जास्त आनंदाने. मोड येण्याचा वेळ थोडा वाढवणं त्यांच्या हातात आहे, ही तक्रार वाणाविरुद्ध नाही. बार्ली दर हंगामाला बदलते, म्हणून पुढच्या पिकाचा नमुनाही मागितलाय. या पोत्यातला किलोभर माल्ट हवाबंद डब्यात लॉट नंबरच्या चिठ्ठीसकट ठेवलाय. नवा लॉट आला की आधी त्याचं पत्र या पत्राशेजारी ठेवीन, मग दोन्हींचा हॉट स्टीप, आणि गिरणीचं अंतर त्यानंतर ठरवीन.